क्रेडिट कार्डावरून परस्पर पैसे गेले तर: कोकणातल्या नव्या कार्डधारकांसाठी

क्रेडिट कार्डाच्या फसवणुकीत दोन मुदती महत्त्वाच्या असतात. पहिली मिनिटांची, कारण चोरट्याने पैसे पुढे सरकवण्याआधी ते अडवावे लागतात. दुसरी कामाच्या दिवसांची, कारण बँकेला कधी कळवलं यावर नुकसान कोणी सोसायचं ते ठरतं. किनारपट्टीवर या दोन्ही मुदती पाळणं शहरापेक्षा अवघड जातं. शाखा दापोलीत, आपण आंजर्ल्यात, रेंज फक्त घरामागच्या कातळावर, आणि पावसात लाइट गेली की काही वेळाने टॉवरही बंद. म्हणून इथल्या माणसाने निम्मं काम निवांत असतानाच उरकून ठेवावं. होमस्टे चालवणारे, आंब्याच्या पेट्या ऑनलाइन विकणारे, नुकती नोकरीला लागलेली मुलं, आणि मुंबईच्या मुलाने ज्यांच्या हातात ॲड-ऑन कार्ड (त्याच्याच खात्यावरचं जादा कार्ड) दिलंय ते आईवडील, अशा सगळ्यांसाठी हे लिहिलं आहे.

कार्ड हातात पडेल त्या दिवशी

नवं कार्ड सुरुवातीला फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन खरेदी, परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं हे आपण स्वतः चालू करायचं असतं. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०२० पासून आहे. त्याच नियमाने बँकेला आपल्या हातात चालू-बंदची बटणं आणि मर्यादा ठरवायची सोय द्यावी लागते. ॲपमध्ये ‘मॅनेज कार्ड’ किंवा ‘कार्ड कंट्रोल’ अशा नावाखाली ती सापडतात.

परदेशी व्यवहार बंदच ठेवा. ‘मी कोणालाही ओटीपी सांगितला नाही, तरी पैसे गेले’ अशी तक्रार घेऊन माणसं शाखेत येतात, तेव्हा बहुतेक वेळा व्यवहार परदेशी वेबसाइटवर झालेला असतो. आपल्याकडे ऑनलाइन खरेदीला ओटीपीसारखी दुसरी खात्री सक्तीची आहे, पण परदेशातल्या कितीतरी वेबसाइट कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे घेतात. हे सगळं कार्डावरच छापलेलं असतं. कोणी मोबाइलने त्याचा फोटो काढला की काम झालं. बटण बंद असेल तर तो व्यवहार तिथेच नाकारला जातो. घरातलं कोणी दुबईला निघालं तर जाण्याच्या आदल्या दिवशी चालू करा, परतल्यावर बंद करा.

एटीएममधून रोख काढण्याची सोयही बंद करा. क्रेडिट कार्डावर काढलेल्या रोख रकमेला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, त्यामुळे ती तशीही वापरू नये. टॅपला ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. बाजारात रोज टॅप करणारे नसाल तर तेही बंद. ऑनलाइन खरेदीची मर्यादा कमी ठेवा. कार्ड दीड लाखाचं असलं तरी १०,००० पुरे. फ्रिज घ्यायचा असेल त्या दिवशी वाढवा, मेसेज आला की पुन्हा उतरवा. चोराला सगळं मिळालं तरी हात १०,००० पर्यंतच पोचतो.

मग मोबाइल नंबर तपासा. बँकेकडे नोंदलेला नंबर गावात ज्याच्या खिशात असतो त्याचाच हवा. ॲड-ऑन कार्डाचे मेसेज मुलाच्या मुंबईच्या नंबरवर जात असतील तर आईला व्यवहार कळत नाही आणि मुलाला तो कोणी केला ते कळत नाही. बँकेला विचारून दोघांनाही मेसेज येतील अशी व्यवस्था करा. ईमेलवरची सूचनाही चालू ठेवा. रेंज नसली तरी घरातल्या वाय-फायवर ईमेल येतो, एसएमएस मात्र अडकून बसतो.

शेवटचं काम कागदाचं. कार्डामागे छापलेला बँकेचा नंबर, एसएमएसने कार्ड ब्लॉक करायचा मजकूर (बँकेच्या वेबसाइटवर असतो), कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि १९३० हा नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पाकीट हरवलं की कार्डामागचा नंबरही त्याच्याबरोबर जातो, आणि मग माणूस गुगलवर ‘बँक कस्टमर केअर’ शोधतो. तिथे चोरट्यांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. कागदावर पूर्ण कार्ड नंबर, मागचे तीन आकडे किंवा पिन कधीही लिहू नका.

इथे कशी फसवणूक होते

सगळ्यात जास्त पैसे अजूनही ओटीपी सांगितल्याने जातात. ‘ओटीपी सांगू नका’ हे प्रत्येकाला पाठ आहे. तरीही सांगितला जातो, कारण मेसेज वाचला जात नाही, फक्त त्यातले सहा आकडे वाचले जातात. फोनवरचा गोड बोलतो: ‘काका, तुमच्या कार्डाची वार्षिक फी ४,९९९ लागणार आहे, ती रद्द करायची ना? कन्फर्मेशनचा नंबर आला असेल बघा.’ फोन कानाला, चष्मा ओटीवर. काका फोन खाली घेऊन आकडे वाचून दाखवतात. त्या मेसेजमध्ये लिहिलेलं असतं ते असं: ‘तुमच्या कार्डावरून अमुक दुकानात रुपये ३८,५०० च्या खरेदीसाठी ओटीपी.’ म्हणजे बोलणं रद्द करण्याचं आणि मेसेज खरेदीचा. ओटीपीचा प्रत्येक मेसेज रक्कम, दुकानाचं नाव आणि मग आकडे या क्रमाने वाचायची सवय लावा. फी रद्द करायला, मर्यादा वाढवायला, पॉइंट वळवायला बँकेचा माणूस फोनवर ओटीपी मागत नाही. फोन ठेवून कार्डामागच्या नंबरवर आपणच लावावा. बँकांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर ठेवले आहेत. साध्या दहा आकडी मोबाइलवरून ‘बँकेतून बोलतोय’ असं ऐकू आलं की तिथेच ठेवा.

होमस्टेवाले आणि आंबेवाले यांच्यासाठी वेगळा सापळा आहे. फोनवरचा स्वतःला लष्करातला किंवा निमलष्करी दलातला अधिकारी म्हणवतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो, पंधरा जणांचं बुकिंग किंवा वीस पेट्यांची ऑर्डर देतो, घासाघीस करत नाही. ही घासाघीस न करणंच खटकायला हवं. नंतर म्हणतो, आमच्याकडे पैसे फक्त ‘व्हेंडर व्हेरिफिकेशन’ने सुटतात, तुमच्या कार्डाचे आकडे द्या किंवा हा क्यूआर स्कॅन करा. पैसे घ्यायला कार्ड नंबर लागत नाही, मागचे तीन आकडे लागत नाहीत, ओटीपी आणि पिन तर नाहीच. खाते क्रमांक आणि आयएफएससी, किंवा यूपीआय आयडी, एवढं पुरतं. दुसरा प्रकार असा की ‘चुकून जास्त ॲडव्हान्स गेला, फरक या दुसऱ्या खात्यात परत करा.’ कार्डाने आलेल्या पैशांचा परतावा त्याच कार्डावर, पेमेंट कंपनीच्या ॲपमधूनच करा. दुसऱ्या खात्यात पाठवलात आणि मूळ कार्ड चोरीचं निघालं तर दोन्ही बाजूंनी तुमचेच पैसे जातात.

व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल (अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाइल) हा हल्लीचा मोठा धोका आहे. नाव ‘आरटीओ चलान’, ‘लग्नपत्रिका’, ‘पीएम किसान’, ‘वीजबिल’ असं काहीही. बहुतेकदा ती ओळखीच्याच माणसाकडून येते, कारण त्याचा फोन आधी ताब्यात गेलेला असतो. फाइल उघडून ॲप बसवलं आणि एसएमएस वाचायची परवानगी दिली की ओटीपी परस्पर चोराकडे जातो. तुम्ही कोणाशी बोललेलाही नसता. लग्नाची पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते. शेवट एपीके असलेली पत्रिका उघडूच नका, पाठवणाऱ्याला फोन करून सांगा.

खानावळीत आणि पंपावर ‘मशीनला इथे रेंज नाही’ म्हणून कार्ड आत नेलं जातं. किनाऱ्यावर हे कारण खरंही असतं, पण कार्डाबरोबर आपणही रेंजपर्यंत चालत जावं. पिन दाबण्याआधी पडद्यावरची रक्कम वाचा, दुसऱ्या हाताने आकडे झाका. व्यवहार अर्धवट राहिला आणि ‘पुन्हा स्वाइप करा’ म्हणाले तर आधी फेल झाल्याची स्लिप मागा आणि मेसेज बघा. दोनदा पैसे गेले तर ती फसवणूक नाही, अडकलेला व्यवहार आहे. दुकानात स्लिप निघाली नाही आणि रक्कम मात्र वळती झाली, अशा वेळी ती ५ दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा बँकेला नियम आहे. त्यासाठी १९३० ला फोन करू नका, बँकेकडे साधी तक्रार द्या.

आणि सिम. चोरटा तुमच्या नावाने नवं सिम काढतो तेव्हा तुमच्या फोनची रेंज जाते. शहरात माणूस लगेच दचकतो, आपल्याकडे रेंज जाणं रोजचंच, म्हणून दोन दिवस कोणाला पत्ता लागत नाही. सोपी परीक्षा आहे. त्याच कंपनीचं सिम असलेल्या शेजाऱ्याला विचारा. त्याला दांड्या आहेत आणि तुमच्या फोनवर ‘नो सर्व्हिस’, फोन बंद-चालू करूनही तेच, तर त्याच्याच फोनवरून कंपनीला आणि बँकेला लगेच कळवा. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते संचार साथी या सरकारी पोर्टलवर दिसतं.

पैसे गेल्याचा मेसेज आला: पुढचा तास

कोणाचं चुकलं याची चर्चा आता नको. आधी ॲप उघडून कार्ड ब्लॉक करा. नेट नसेल तर कागदावरच्या मजकुराचा एसएमएस, नाहीतर बँकेच्या नंबरवर फोन. ही सोय चोवीस तास आणि सुट्टीच्या दिवशीही असते. शाखा उघडण्याची वाट पाहू नका. फोनवर ‘हा व्यवहार मी केलेला नाही, फसवणूक म्हणून नोंदवा’ असं स्पष्ट म्हणा. नुसतं ‘कार्ड बंद करा’ म्हटलं तर कार्ड बंद होतं, तक्रार नोंदली जात नाही, आणि नंतर भांडायला हातात काही उरत नाही. तक्रार क्रमांक मागा, वेळेसकट लिहून घ्या.

फोनमध्ये एपीके घुसली असेल तर हे सगळं दुसऱ्याच्या फोनवरून करा. आपला फोन विमान मोडवर टाका. त्या फोनवर नवा पिन किंवा पासवर्ड टाकू नका, तोही जाईल. तक्रारीसाठी फाइलचं नाव, नंबर आणि मेसेज यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढा, मगच ॲप काढून टाका आणि फोन फॅक्टरी रीसेट करा. बॅकअपमध्ये ती फाइल परत येणार नाही एवढं बघा.

बँकेचा फोन झाला की लगेच १९३०. सायबर फसवणुकीसाठीची ही देशभराची हेल्पलाइन आहे. पलीकडचा माणूस रक्कम, वेळ, व्यवहार क्रमांक विचारतो आणि पैसे ज्या खात्यात किंवा वॉलेटमध्ये गेले त्या संस्थेला यंत्रणेतून कळवतो. रक्कम तिथे शिल्लक असेल तर ती गोठवली जाते. पुढच्या खात्यात गेली असेल तर त्या खात्याचा माग काढावा लागतो, म्हणून अर्धा तास आणि दोन तास यांत फार फरक पडतो. क्रेडिट कार्डाचे पैसे अनेकदा गिफ्ट कार्डात, वॉलेटमध्ये किंवा ऑनलाइन मालात वळवले जातात. माल निघायच्या आत दुकानाला कळलं तर ऑर्डर थांबते. मेसेजमध्ये दुकानाचं नाव दिसत असेल तर त्या कंपनीच्या अधिकृत ॲपमधूनही कळवा.

१९३० लागत नसेल तर लावत राहा. मध्येच राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल (सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन) उघडून थेट तिथे तक्रार भरा. फोनवर तक्रार नोंदवली असेल तर मेसेजने क्रमांक येतो. तो वापरून २४ तासांत पोर्टलवर तपशील पूर्ण करायचे असतात. हे काम हमखास राहून जातं आणि तक्रार अर्धवट पडते. हाताशी ठेवा: कार्डाचे शेवटचे चार आकडे, प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि दुकानाचं नाव, मेसेजचे स्क्रीनशॉट, आलेल्या फोनचा नंबर, लिंक, ओळखपत्राचा पुरावा. नंतर जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पैसे अडवण्याचं काम फोनवर झालेलं असतं, त्यामुळे सकाळी रत्नागिरीची गाडी धरायच्या घाईत १९३० चा फोन राहू देऊ नका.

नुकसान कोणी सोसायचं

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ही वाटणी घालून दिली आहे, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती सहकारी बँकांनाही लागू झाली. चूक बँकेची असेल तर तुमच्यावर एक रुपयाही नाही. चूक बँकेचीही नाही, तुमचीही नाही, मधल्याच कुठल्या यंत्रणेची असेल, तर बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामाच्या दिवसांत कळवल्यास नुकसान शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवल्यास क्रेडिट कार्डाची मर्यादा ५ लाखांपर्यंत असेल तर तुमच्यावर जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डावर २५,०००. व्यवहाराची रक्कम त्याहून कमी असेल तर तेवढीच. सात दिवसांनंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणे.

दिवस मोजताना मेसेज आला तो दिवस धरत नाहीत आणि तुमच्या शाखेच्या सुट्ट्या वगळतात. समजा मेसेज शुक्रवारी रात्री आला, दुसऱ्या दिवशी महिन्याचा दुसरा शनिवार, मग रविवार, आणि सोमवारी गणेश चतुर्थी. तर पहिला दिवस मंगळवार आणि तिसरा गुरुवार. ही मोजणी बँकेने चुकीची केली तर दाखवून देण्यासाठी आहे, आरती आटोपून सावकाश कळवण्यासाठी नाही.

कारण तुम्ही स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल तर हे तीन दिवस लागूच होत नाहीत. तिथे नियम वेगळा आहे: बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे पहिला व्यवहार ९:१० ला, दुसरा ९:२५ ला आणि तुमची तक्रार ९:१८ ला नोंदली असेल, तर दुसऱ्याचे पैसे बँकेने सोसायचे. तक्रारीची वेळ लिहून घ्यायला सांगितलं ते यासाठी. लाजेने गप्प बसलेला माणूस इथे सगळ्यात जास्त गमावतो. ओटीपी दिला हे लपवूही नका. बँकेच्या नोंदीत ते दिसतं, आणि खोटं सापडलं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र बँकेवर आहे.

लेखी तक्रार आणि बिल

फोननंतर त्याच दिवशी बँकेच्या कार्ड विभागाला ईमेल करा. एवढा मजकूर पुरतो:

‘माझ्या क्रेडिट कार्डावर (शेवटचे आकडे ....) दि. .... रोजी .... वाजता .... या नावाने रु. .... चा व्यवहार झाला. तो मी केलेला नाही व त्यास माझी संमती नव्हती. मी त्याच दिवशी .... वाजता फोनवर कळवले असून तक्रार क्र. .... आहे. सायबर पोर्टलवरील क्र. .... आहे. कृपया ही रक्कम वादग्रस्त म्हणून नोंदवून नियमानुसार १० कामाच्या दिवसांत खात्यावर जमा दाखवावी, तिच्यावर व्याज व शुल्क आकारू नये, आणि या ईमेलची पोच द्यावी.’

शेवटच्या वाक्यातल्या मागण्या नियमात बसणाऱ्या आहेत. अनधिकृत व्यवहार कळवल्यापासून १० कामाच्या दिवसांत बँक तेवढी रक्कम तात्पुरती जमा दाखवते, याला शॅडो रिव्हर्सल म्हणतात. ती पक्की मिळालेली नसते. बँकेने ९० दिवसांच्या आत निकाल द्यायचा असतो. फसवणूक म्हणून वाद घातलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत शुल्क लावता येत नाही. पण बाकीचं बिल मुदतीत भरा. रागाने पूर्ण बिल थकवलं तर बाकीच्या रकमेवर व्याज चढतं आणि क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारे गुण) बिघडतो. पुढच्या महिन्याचं बिल ओळीओळीने तपासा. चोर कधीकधी आधी छोटी रक्कम काढून कार्ड चालतंय का ते बघतो आणि खरा हात नंतर मारतो. तुमच्या नावावर दुसरं कार्ड किंवा कर्ज उघडलं का, तेही बघा. कर्जांच्या आणि कार्डांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एक अहवाल फुकट मिळतो.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ऑर्ग डॉट इन वर भरता येते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. वकील लागत नाही, फी नाही. बँकेकडच्या तक्रारीची पोच जोडावी लागते, म्हणून वरचा ईमेल जपून ठेवा.

तक्रार केल्यानंतर काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला ५,००० प्रोसेसिंग फी भरा.’ फसलेल्यांच्या याद्याही चोरटे एकमेकांना विकतात. १९३०, पोलीस, बँक, लोकपाल यांपैकी कोणीही पैसे परत मिळवून द्यायला पैसे घेत नाही. तो नंबर संचार साथीवरच्या ‘चक्षू’मध्ये नोंदवा आणि तुमच्या पोर्टलवरच्या तक्रारीची स्थिती तुमच्याच क्रमांकाने स्वतः तपासा.